चौघांचे चार रक्तगट

अकरावीच्या प्रवेशाची गडबड होती. लातुरात त्या दिवसांत दुसरं असतं तरी काय म्हणा! अर्जात रक्तगटाचा रकाना होता. तो भरताना अहमदपूरकडचे एक शेतकरी थबकले. लेकीला रांगेत पुढं पाठवलं आणि हळूच म्हणाले, “सर, एक इचारू का वो? माझा गट एबी, हिच्या मायचा ओ. हिचा निघालाय ए, आन् धाकट्या पोराचा बी. घरात चौघं, अन् चौघांचे चार गट. लेकराला माय-बापातल्या कुणाचा तरी गट लागायला पाहिजे की नाही?”

प्रश्नामागची शंका त्यांनी बोलून दाखवली नाही, मीही खोदली नाही. नीटची तयारी करणारी पोरं हा प्रश्न दहा सेकंदांत सोडवतात. घरात मात्र तोच प्रश्न कुणाच्या तरी पोटात वर्षानुवर्षं पडून राहतो.

मी म्हटलं, “काका, तुमचं घर अगदी नियमात आहे. लेकरू एबी किंवा ओ निघालं असतं, तर मी चक्रावलो असतो.”

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या अंगावरची साखरेची खूण. पेशीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतं आणि ते विकर या साखळीच्या टोकाला आणखी एक साखर चिकटवतं. जनुकाचं ए रूप असेल तर एक साखर, बी रूप असेल तर दुसरी. दोन्ही विकरं ३५४ अमिनो आम्लांची, आणि त्यांच्यात फरक फक्त चार अमिनो आम्लांचा! ओ रूपात बहुतेक वेळा जनुकाचं एकच अक्षर गळालेलं असतं. तिथून पुढचा सगळा मजकूर सरकतो, विकर निकामी होतं आणि साखळी तशीच मोकळी राहते.

ए आणि ओ एकत्र आले की गट ए दिसतो. याचा अर्थ ए ने ओ ला दाबलं असा नाही. ओ ला चिकटवायला काही नसतंच. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकताना आपल्या डोक्यात कुस्ती बसते: एक जिंकणार, दुसरा हरणार. ए आणि बी एकाच माणसात आले, तर मात्र दोन्ही विकरं आपापलं काम करतात आणि एकाच पेशीवर दोन्ही खुणा उमटतात. ही सहप्रभाविता. चहात दूध घातल्यासारखं हे नाही. तिथं तिसराच रंग येतो. रब्बीत ज्वारीच्या रानात करडईची तासं असतात ना, तसं हे आहे. रान एक, पण ज्वारी ज्वारीच दिसते आणि करडई करडईच.

दुसरी गोष्ट रूपांच्या संख्येची. एका जनुकाच्या अशा वेगवेगळ्या रूपांना अलील म्हणतात. समाजात इथं मुख्य अलील तीन, पण कुणाही एका माणसाकडं दोनच, एक आईकडून आणि एक बापाकडून. तिनांतून जोड्या होतात सहा आणि गट दिसतात चार, कारण एए आणि एओ दोन्ही ‘ए’ च दिसतात. बी चंही तसंच.

हे उलगडायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवले, एबी पुढच्या वर्षी सापडला. १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी रक्तगट आनुवंशिक असल्याचं दाखवलं, पण ए आणि बी ची दोन स्वतंत्र जनुकं असावीत असं त्यांना वाटलं. तसं असतं तर या काकांच्या घरात चारही गटांची लेकरं होऊ शकली असती. १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञानं लोकसंख्येतल्या गटांचं प्रमाण मांडून दाखवलं की जनुक एकच आहे आणि अलील तीन. रक्ताचा थेंबही न तपासता, निव्वळ आकडेमोडीवर! मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

अपवाद आहे, आणि तो आपल्याच राज्यातला. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त नोंदवलं, ज्यात साखर चिकटवायची मूळ साखळीच अपुरी होती. हा बॉम्बे रक्तगट. अशा माणसाकडं ए किंवा बी अलील असला तरी साध्या तपासणीत गट ओ दिसतो आणि लेकरात मात्र तो अलील उघड होतो. त्यामुळे रक्तगटाच्या चिठ्ठीवरून कुणाच्या बापाचा निकाल लावू नये. चिठ्ठीही चुकू शकते, आधी पुन्हा तपासून घ्यावं.

सहप्रभाविता रक्तगटापुरतीच नाही. किनवट-माहूरकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या वाहकाच्या, म्हणजे सिकलचा एकच अलील असलेल्या माणसाच्या, रक्तात साधं आणि सिकल अशी दोन्ही हिमोग्लोबिन असतात, तपासणीत दोन वेगळे पट्टे दिसतात. आजार म्हणून पाहिलं तर तोच अलील अप्रभावी, कारण वाहक सहसा ठणठणीत असतो.

काकांनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजे माझा ए पोरीत गेला, बी पोरात. मग मायचं काय आलं?”

“दोघांतही ओ आला. तो दिसत नाही एवढंच.”

तोवर लेक परत आली होती. ती पटकन म्हणाली, “पप्पा, मी एओ. उद्या माझ्या लेकराचा गट मम्मीसारखा ओ निघू शकतो.”