अडकईच्या मुळीपासून डोपामिनपर्यंत: स्किझोफ्रेनियाची गोष्ट

सर्पगंधा पश्चिम घाटाच्या दमट रानात उगवते; बेळगावजवळच्या खानापूरची जंगलं याच घाटातली. मराठीत तिला अडकईही म्हणतात. वाकडीतिकडी मुळी, चवीला कडूजहर. उन्मादावर ती देण्याची चाल आपल्याकडे जुनी. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचलं, तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले. मग मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते एल-डोपा दिलं, तसे उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूतलं महत्त्वाचं रसायन आहे हे यातून उलगडत गेलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

(म्हणून कुणी मुळी उगाळायला बसू नये. रक्तदाब कोसळतो, मन खचतं. मनोविकारांसाठी डॉक्टरांनीही रेसर्पिन केव्हाच मागे टाकलं.)

स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि संशय घेऊन येणारा गंभीर मानसिक आजार. त्यात मेंदूच्या खोल भागात डोपामिन नको तेव्हा उसळतं आणि साध्या गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटतो. बेळगावच्या बसमध्ये मागे दोघं कानडीत हळू बोलत असतील, तर ते आपल्याचबद्दल, अशी खात्रीच पटते. घरचे म्हणतात, करणी झाली. त्यात महिने जातात, आणि उपचार जितका लांबतो तितकं माणूस सावरणं अवघड होतं.

पण डोपामिन हे मूळ नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण निम्मी किंवा त्याहून थोडी कमी. म्हणजे सगळं रक्तातून येत नाही. २०१६ मध्ये सी-फोर या जनुकाचा धागा सापडला: वयात येताना मेंदू आपल्या पेशींमधले जादा जोड छाटतो, ती छाटणी काहींच्यात जास्तच होत असावी. आजार ऐन विशी-पंचविशीत का उभा राहतो, याचं मला पटणारं उत्तर हेच.

नेहमीच्या गोळ्या डोपामिनची वाट अडवतात. कानी पडणारे भासाचे आवाज, संशय ओसरतात. हरवलेली उमेद मात्र सहसा परतत नाही. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध थेट डोपामिनला न अडवता दुसऱ्याच वाटेने काम करतं.

ज्यांना दोन औषधांनी गुण येत नाही, त्यांच्यासाठी क्लोझापिन हे औषध. त्याने क्वचित रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ही साधी तपासणी निपाणी-चिकोडीतही होते; तेवढ्यासाठी धारवाडच्या डिम्हान्स या मनोविकारांच्या सरकारी संस्थेत खेपा नकोत, डॉक्टरांना विचारून ठेवावं. मात्र ताप आला, घसा धरला, तर त्याच दिवशी रक्त तपासायला द्यायचं.