शेफवर सोडलं म्हणजे उरलंसुरलं खाणं?

उंची इटालियन रेस्टॉरंटमध्ये ‘शेफच ठरवू दे’ म्हटलं की खपत नसलेले पदार्थ गळ्यात मारतात, हा जुना समज चुकीचा आहे. इटलीत याला ‘मेनू देगुस्तात्सिओने’ (शेफने निवडलेल्या छोट्या छोट्या पदार्थांचा चाखण्याचा मेनू) म्हणतात आणि शेफचं नाव त्यावरच पणाला लागलेलं असतं. मोदेना शहरातल्या ‘ओस्तेरिया फ्रान्चेस्काना’ या रेस्टॉरंटमधली शेफ मास्सिमो बोत्तुरा यांची गाजलेली डिश बघा: पाच वेगवेगळ्या मुदतींसाठी मुरवलेलं पार्मिजानो चीज, कुठे हलका फेस, कुठे कुरकुरीत पापुद्रा. उरल्यासुरल्यातून हे होतं का? अनेक ठिकाणी अख्ख्या टेबलाला हाच मेनू घ्यावा लागतो, कारण सगळ्यांच्या डिश एकदमच बाहेर पडायला हव्यात. ॲलर्जी असेल तर मात्र बुकिंग करतानाच सांगा. ऐनवेळी पदार्थ बदलणं स्वयंपाकघराला फार जड जातं.