सामाजिक न्याय भवनात जागा का पुरत नाही: पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याणाच्या कार्यालयांसाठी नवी इमारत बांधायची की आहे त्या सामाजिक न्याय भवनावर मजला चढवायचा, हा विषय महाराष्ट्रात कधी या जिल्ह्यात तर कधी त्या जिल्ह्यात निघतच असतो. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मागणी होते, सार्वजनिक बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक मागवले जाते आणि जागेपाशी येऊन गाडी अडते. बातमी होते ती कोटींच्या आकड्याची. ही भवने काही फार जुनी नाहीत. तरीही त्यांत जागा संपली, आणि त्याचे कारण बांधकामात कमी, खात्याच्या वाटण्यांत जास्त आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह काढले. म्हणजे या कामाची पहिली इमारत वसतिगृहाची होती, कचेरी नंतर आली. मुंबई इलाख्यात १९२८ साली सरकारने एक समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते आणि तिचा अहवाल १९३० मध्ये आला. मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी आणि स्वतंत्र खाते ही कल्पना सरकारी कागदावर नीट उतरली ती या अहवालानंतर. १९५७ मध्ये समाजकल्याण संचालनालय झाले. त्यात दोन अंगे होती, एक मागासवर्ग कल्याणाचे आणि दुसरे बालगृहे, निरीक्षणगृहे, भिक्षेकरीगृहे यांचे. या काळात जिल्ह्याला एक अधिकारी, दोन-चार कारकून आणि कचेरीतली एखादी खोली एवढ्यावर भागत असे.

खरा गुंता १ मे १९६२ पासूनचा. जिल्हा परिषदा आल्या आणि समाजकल्याण हा विषय तिथे गेला. समाजकल्याण समिती झाली, तिला सभापती मिळाला, सभापतींना दालन आणि गाडी मिळाली, आणि जिल्हा समाजकल्याण अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली बसू लागला. विकेंद्रीकरण म्हणून निर्णय चांगलाच होता. पण राज्याने सगळे सोडले नाही. शासकीय वसतिगृहे, पुढे निवासी शाळा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे अर्थसहाय्य ही कामे राज्याच्या हातात राहिली किंवा नव्याने आली. त्यांच्यासाठी राज्याने जिल्ह्यात आपला वेगळा माणूस बसवला आणि त्याचे पदनाम ठेवले ‘विशेष जिल्हा समाजकल्याण अधिकारी’. एकाच गावात जिल्हा समाजकल्याण अधिकारी आणि विशेष जिल्हा समाजकल्याण अधिकारी असे दोघे. टपालवाल्याचीही पंचाईत होत असणार. नंतर राज्याच्या अधिकाऱ्याला ‘सहायक आयुक्त, समाज कल्याण’ म्हणू लागले, तेव्हा पाट्यांचा घोळ थोडा मिटला. कामांचा मिटला नाही.

हा घोळ खिडकीवर कसा दिसतो ते पाहण्यासारखे आहे. आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहन अनुदानाचा अर्ज जिल्हा परिषदेत. वस्तीत समाजमंदिर किंवा रस्ता हवा, म्हणजे ज्याला अजूनही सगळे दलित वस्तीचे काम म्हणतात, तेही जिल्हा परिषदेत. अनुदानित वसतिगृहाची तक्रारही तिथेच. पण शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधार योजनेचे पैसे हवे असतील तर सहायक आयुक्तांकडे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी सबळीकरण योजनाही सहायक आयुक्तांकडे. विधवा, निराधार, वृद्ध यांच्या मासिक अनुदानाचे तर आणखीच वेगळे. मंत्रालयात खात्याचे नाव ‘सामाजिक न्याय व विशेष सहाय्य’ असे आहे, आणि त्यातल्या विशेष सहाय्यात १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना येते. तिचे टेबल मात्र तहसील कार्यालयात आहे. सामाजिक न्यायाची पाटी वाचून जिल्ह्याच्या गावी आलेल्या आजीला परत तालुक्याला पाठवावे लागते, ते यामुळे.

२००० नंतरच्या दशकात प्रत्येक जिल्ह्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन बांधण्याचे धोरण आले ते या पायावर. तोवर कार्यालये विखुरलेली होती. सहायक आयुक्तांचे कार्यालय एका भाड्याच्या जागेत, मागासवर्गीयांना कर्ज देणाऱ्या महामंडळांपैकी महात्मा फुले महामंडळ (स्थापना १९७८) दुसऱ्या, वसंतराव नाईक महामंडळ (१९८४) तिसऱ्या, अण्णाभाऊ साठे महामंडळ (१९८५) चौथ्या. भाडे ठरवायचे तर बांधकाम विभागाचा दाखला लागायचा, घरमालक वाढ मागायचा, करार संपला की फायली टेम्पोत भरून पुढच्या जागी. ‘सर्व कार्यालये एकाच छताखाली’ हे घोषवाक्य म्हणून त्या वेळी कोणालाही पटण्यासारखे होते.

त्यातल्या ‘सर्व’ या शब्दात जिल्हा परिषदेचे समाजकल्याण येते की नाही, यावर मात्र एकवाक्यता कधीच झाली नाही. भवन राज्याच्या खात्याचे आणि जिल्हा समाजकल्याण अधिकारी जिल्हा परिषदेचा. त्याच्या प्रत्येक फाइलवर लेखा विभागाचा शेरा लागतो, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही लागते, समितीची मासिक सभा जिल्हा परिषदेच्या सभागृहात होते, आणि सभापतींनी हाक मारली की समोर हजर व्हावे लागते. तो भवनात गेला तर अर्जदाराची एक फेरी वाचेल, पण फाइलच्या फेऱ्या वाढतील. जिल्हा परिषदांनी हा मुद्दा मांडला, आणि तो खोटा नव्हता. दुसरी बाजू अशी की फाइल नेण्यासाठी शिपाई आहे, अर्जदाराला मात्र एक दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते. भवनाचे नकाशे झाले तेव्हा दुसरी बाजू जास्त जोरात मांडायला हवी होती असे माझे मत आहे. काही जिल्ह्यांत जिल्हा परिषदेचे हे कार्यालय भवनात गेले, काही ठिकाणी ते जिल्हा परिषदेतच राहिले. दोन्हीकडे लोक चुकीच्या दारात जातात, प्रमाण तेवढे कमीजास्त.

जागेचा वाद वेगळा. शहराच्या मध्यात सरकारी मोकळी जमीन क्वचितच उरलेली असते. महसूल खात्याच्या यादीत जी निघते ती गावाबाहेरची, कधी गायरान. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गायरानांवरच्या अतिक्रमणांबाबत कडक निकाल दिला, राज्यानेही त्याच वर्षी नियम आवळले, आणि गायरानाचा रस्ता बराच अरुंद झाला. मग जे मिळेल ते घ्यायचे. पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद रेल्वे स्टेशनच्या बाजूला आहेत, समाज कल्याण आयुक्तालय कॅम्पात चर्च पथावर आहे, आणि जिल्ह्याचे सामाजिक न्याय भवन विश्रांतवाडीला. भोर-वेल्ह्याहून येणाऱ्याने स्वारगेटला उतरायचे, सगळे शहर ओलांडायचे आणि तिथे पोहोचल्यावर कळायचे की हे काम जिल्हा परिषदेचे. नागपूरचे भवन दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आहे, नाशिकचे नासर्डी पुलाजवळ पुणे रस्त्यावर. तिथे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडत नाही, हीसुद्धा सोय आहे आणि नकाशा मंजूर करताना तिला गुण मिळत नाहीत.

भवनांची गर्दी कशाने वाढली असे विचारले तर सगळे एकच उत्तर देतील, जातीच्या दाखल्यांची पडताळणी. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रवेशाच्या प्रकरणात जातीच्या दाव्यांची छाननी समितीकडून आणि दक्षता पथकाच्या चौकशीनंतर व्हावी असे सांगितले. राज्याचा कायदा २००१ मध्ये अमलात आला. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. आधी मोजक्या समित्या होत्या आणि लोकांना विभागाच्या गावी जावे लागे. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र समिती मिळाली. अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अध्यक्ष, सदस्य, संशोधन अधिकारी, दक्षता पथकाचे पोलीस, विधी अधिकारी, आणि हे सगळे जाऊन बसले सामाजिक न्याय भवनात. मूळ नकाशात त्यांच्यासाठी एकही खोली नव्हती. सभागृह, वाचनालय किंवा अभ्यागत कक्ष म्हणून दाखवलेल्या जागांवर लाकडी पार्टिशन चढली ती तेव्हा.

या कामाला कागद फार लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या ठरवून दिलेल्या (मानीव) दिनांकांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. मग पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा येतो, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद येते, मोडीतला फेरफार आणि त्याचे देवनागरी लिप्यंतर येते, वंशावळीचे शपथपत्र येते. एकेक प्रकरण बोटभर जाडीचे. अर्ज ऑनलाइन भरला तरी मूळ कागद तपासावे लागतात आणि निकाली फाइल जपून ठेवावी लागते, कारण उद्या त्याच घरातला चुलतभाऊ हेच प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडणार. अभिलेख कक्ष तळमजल्यावर हवा, कारण वरच्या स्लॅबवर एवढा भार टाकायला अभियंते तयार नसतात. तळमजल्यावर ओल आणि वाळवी. आणि दिव्यांगांसाठीचे कार्यालयही तळमजल्यावरच हवे. तळमजला एकच आहे.

बारावीचा निकाल लागला की, किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की, या समितीच्या दारात जिना भरून माणसे उभी असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली. त्या नोंदींवरून जी प्रमाणपत्रे निघाली त्यांची पडताळणीही याच टेबलांवर येते. अनुसूचित जमातीचे दावे मात्र इथे चालत नाहीत, त्यांच्या समित्या आदिवासी विकास विभागाच्या आहेत आणि प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. सामाजिक न्याय भवनातून परत फिरणाऱ्यांत हेही असतात.

दुसरे कारण खात्याच्या फुटण्याचे. आदिवासी विकास १९८३ मध्येच वेगळा झाला, महिला व बालविकास १९९३ मध्ये. भवने बांधून झाल्यावर २०१७ मध्ये विमुक्त जाती, भटक्या जमाती व इतर मागास वर्गांसाठी नवे खाते निघाले, ज्याला आता इतर मागास बहुजन कल्याण म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते झाले. मंत्रालयात खाते वेगळे करायला एक शासन निर्णय पुरतो. जिल्ह्यात त्याला अधिकारी लागतो, अधिकाऱ्याला दालन, दालनाबाहेर आस्थापना, लेखा आणि शिष्यवृत्तीची टेबले. बहुजन कल्याणाला जिल्ह्यात सहायक संचालक मिळाले आणि प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक, मुलींचे एक अशी ७२ वसतिगृहे काढायची ठरली. त्यांतली बरीच भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. भाड्यातून बाहेर पडण्यासाठी भवने बांधली होती, हे आठवले की थोडे हसू येते. दिव्यांगांच्या विशेष शाळा आणि योजना वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेचे समाजकल्याण बघत आले. खाते वेगळे झाल्यावर त्या अधिकाऱ्याला दोन खात्यांची पत्रे येऊ लागली आणि बसायला खुर्ची जिल्हा परिषदेचीच राहिली.

शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे महाडीबीटी पोर्टल आले तेव्हा शिष्यवृत्तीची खिडकी बंद होईल, जागा मोकळी होईल असा एक हिशेब मांडला गेला होता. फॉर्मांचे गठ्ठे गेले हे खरे. त्यांच्या जागी आधार जुळत नाही, खाते बंद आहे, महाविद्यालयाने अर्ज पुढेच ढकलला नाही, अशा त्रुटी घेऊन विद्यार्थी येऊ लागले. कागद कमी झाला, माणसे तेवढीच राहिली, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वाढला.

नव्याने आखणी कशी करता येते याचे उदाहरण म्हणून पालघरकडे बोट दाखवले जाते. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, जमिनीच्या मोबदल्यात सिडकोने मुख्यालय बांधून दिले, २०२१ मध्ये उद्घाटन झाले. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक आणि प्रशासकीय इमारती एकाच आवारात. इथे फाइलची फेरी आणि अर्जदाराची फेरी दोन्ही आवाराच्या आत संपतात, म्हणजे १९६२ च्या भांडणावर तोडगा भवनाच्या नकाशात नसून आवाराच्या नकाशात निघाला. पण एवढी सलग जमीन कोऱ्या पाटीच्या जिल्ह्याला मिळते, सातारा किंवा सोलापूरला कुठून मिळणार? शिवाय आदिवासीबहुल पालघरात आदिवासी प्रकल्प कार्यालये मुख्यालयात नाहीतच. ती जव्हारला आणि डहाणूला आहेत, आणि ते बरोबर आहे.

सध्याच्या वाढीव इमारतींच्या प्रस्तावांत वाद येतो तो मजल्यांच्या वाटपाचा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यानुसार उतार, लिफ्ट आणि प्रसाधनगृह सुगम असल्याशिवाय नकाशा पुढे जाऊ नये, त्यामुळे जुन्या भवनात लिफ्टचा खड्डा कुठे खणायचा इथपासून सुरुवात होते. पडताळणी समितीला वेगळा जिना आणि वेगळे प्रतीक्षालय हवे, म्हणजे जूनच्या गर्दीत बाकीची कार्यालये बंद पडणार नाहीत. महामंडळे कंपनी कायद्याखालची असल्याने त्यांनी भाडे द्यावे की नाही हा जुना प्रश्न पुन्हा टिपणीत येतो. त्याच्या जोडीला आता नवा प्रश्न आहे. भवन सामाजिक न्याय खात्याचे, त्यात बसणारी निम्मी कार्यालये दुसऱ्या दोन खात्यांची झालेली, तर वीजबिल, लिफ्टची देखभाल आणि वाढीव मजल्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? हे ठरेपर्यंत प्रशासकीय मान्यता मिळत नाही, तोवर दरसूची बदलते आणि अंदाजपत्रक पुन्हा सुधारून मागवले जाते.