‘मला मान वाटतो’ असं आपण का म्हणत नाही?

गेल्या वर्षी आमच्या गणिताच्या सरांचा अमृतमहोत्सव नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात झाला. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं, ‘आम्हा विद्यार्थ्यांची सरांवर अपार श्रद्धा आहे.’ मसुदा वाचताना आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन उचललं आणि ‘श्रद्धा’वर सरळ काट मारली. ‘‘आदर लिही. सरांनी जन्मभर पोरांना सांगितलं, आधी सिद्ध करा, मग माना. त्यांच्यावर कसली श्रद्धा ठेवतोस?’’

शब्दकोश उघडला तर आदर, मान, श्रद्धा, भक्ती, गौरव हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात. बाईंना मात्र क्षणात कळलं की इथे एक शब्द बसतो आणि दुसरा बसत नाही. हे ज्ञान येतं कुठून?

शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडलं. आजचे संगणकही शब्दांचे अर्थ याच वाटेने शिकतात. कोट्यवधी वाक्यांत कोणता शब्द कुणाच्या शेजारी बसतो, याचा ते हिशेब ठेवतात. मराठीत या सोबत्यांपैकी सगळ्यात बोलकं असतं ते क्रियापद.

‘मला सरांबद्दल आदर वाटतो’ हे वाक्य सहज येतं. ‘मला सरांबद्दल मान वाटतो’ म्हणून बघा, जीभ अडखळते. मान वाटत नाही. मान देतात, मिळतो, राखतात, ठेवतात. ‘मला आदर वाटतो’ची घडण ‘मला भूक लागते’, ‘मला थंडी वाजते’ यांच्यासारखी आहे. इथे ‘मी’ कर्ता नाही, माझ्याकडे ती गोष्ट आपणहून येते. भारतीय भाषांमध्ये ही रचना सर्रास आढळते आणि ती बहुतेक वेळा मनात किंवा शरीरात घडणाऱ्या गोष्टींसाठी वापरली जाते. म्हणजे आदर मनात असतो आणि मान दोन माणसांच्या मधे. खोलीत एकटं बसून आदर बाळगता येतो, पण मान द्यायला समोर कुणीतरी लागतं, आणि चार माणसं बघणारी असली तर तो पुरा होतो. म्हणूनच लग्नात रुसवे होतात ते मानपानावरून. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात, तेव्हा आधी कोण आणि मागून कोण हा प्रश्नही मानाचाच असतो. पाणी सगळ्यांना तेच.

मुळात ‘आदर’ म्हणजे लक्ष देणं, काळजी घेणं. संस्कृतात ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘दृ’ धातूचा हा अर्थ, आणि अनादर म्हणजे दुर्लक्ष. अपमान करणारा निदान दखल तरी घेतो, अनादर करणारा तेवढीही घेत नाही.

श्रद्धेची क्रियापदं आणखी वेगळी आहेत. श्रद्धा बसते, ढळते, उडते. आदर कमी होतो, पण तो पाखरासारखा उडत नाही. श्रद्धा हा ‘श्रत्’ आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे यांचा जोड आहे: विश्वास ठेवणे. लॅटिनमधला ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि बँकेतलं ‘क्रेडिट’ त्याच घरातलं. दोन्हीकडे पुरावा हातात येण्याआधी काहीतरी ठेवावं लागतं. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मराठीत रुजला, ‘अंधआदर’ झाला नाही, त्याचं कारण मला इथेच दिसतं. आदर वाटायला समोरच्याचं काहीतरी पाहिलेलं असावं लागतं.

गौरव तर थेट वजनातून आला. ‘गुरु’ म्हणजे जड, लघुच्या उलट. गुरूचा भाव तो गौरव, वस्तूचा जडपणा ते गुरुत्व. लॅटिनचा ‘ग्राविस’ही त्याच मुळाचा, त्यामुळे गौरव समारंभातला ‘गौरव’ आणि भौतिकशास्त्रातली ‘ग्रॅव्हिटी’ दूरची भावंडं आहेत. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असं म्हणताना आपण नकळत तेच मूळ पुन्हा उकरतो.

भक्तीपाशी मी जरा थांबतो. ‘भज्’ म्हणजे वाटा देणं, वाटा घेणं. भाग, विभाग, विभक्त हे सगळे त्याच धातूचे. ‘भक्त’ म्हणजे मुळात वाटून दिलेला हिस्सा, पुढे अन्नाचा हिस्सा, शिजवलेला तांदूळ, आणि त्याचाच घासून आपला ‘भात’ झाला. भक्त आणि भात एकच शब्द आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. आता हे पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर उभं राहून आठवा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. दाराबाहेर अडवलेल्या माणसांच्या भक्तीत काही कमी नव्हतं. भक्ती बाहेरूनही करता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती बाहेरूनच करायला लावली होती. त्यांना नाकारला गेला तो मान, जो दुसऱ्याने दिल्याशिवाय मिळत नाही. आणि नाकारला गेला तो वाटा, जो भक्ती या शब्दाच्या पोटातच आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

कौतुकाला मात्र उतार असतो, ते वरून खाली वाहतं. नातवाचं करतात, सुनेचं करतात. आजोबांचं सहसा होत नाही. पण ऐंशीच्या वयात ते ब्रह्मगिरी चढून आले, तर होतं. मूळ संस्कृत अर्थ कुतूहल, नवल. तो अजून शब्दाच्या तळाशी आहे.

दरारा कुणाच्या खात्यावर जमा होतो ते पाहा. आदर मला वाटतो, दरारा सरांचा असतो. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या मानववंशशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये माणसाच्या प्रतिष्ठेचे दोन वेगळे रस्ते सांगितले. एक धाकाचा, जो इतर प्राण्यांतही दिसतो. दुसरा कौशल्याचा, ज्यात लोक आपणहून मोठेपण देतात, कारण त्यांना त्या माणसाकडून शिकायचं असतं. वागण्यातला फरक साधा आहे: धाक असलेल्यापासून माणसं नजर चुकवून लांब राहतात, कौशल्य असलेल्याच्या जवळ येतात, त्याच्याकडे पाहत राहतात, त्याची नक्कल करतात. आमचे सर व्हरांड्यात दिसले की आम्ही गप्प व्हायचो, पण पळायचो नाही. आणि फळ्यावर सात काढताना आडवी रेघ मारायची त्यांची सवय आमच्यातल्या निम्म्या जणांना आजही आहे.

उरलं आदरार्थी बहुवचन. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या तू आणि तुम्हीचा अभ्यास करून त्यामागे दोन शक्ती दाखवल्या, सत्ता आणि जवळीक. मराठीत त्या उघड दिसतात. बाबा आले, पण आई आली. बाई वर्गात आल्या, पण वणीच्या गडावर ‘आई, तू सांभाळ’. कुसुमाग्रज नाशिककरांचे तात्यासाहेब, त्यांना एकवचनात कुणी बोलणार नाही. मात्र कालिदास ‘म्हणतो’ आणि सचिन ‘खेळला’. फार दूर गेलेला आणि फार जवळ आलेला, दोघांचंही बहुवचन गळून पडतं, आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो.

मानपत्रात शेवटी ‘आदर’च राहिला. ते वाचून झालं, शाल-श्रीफळ झालं. मग निफाडकडचा एक जुना विद्यार्थी, आता द्राक्षबागायतदार, माइकपाशी आला. दहावीला दोनदा नापास झालेल्या त्याला सरांनी घरी बोलावून शिकवलं होतं. त्याने खिशातला कागद काढला, पाहिला आणि घडी घालून परत ठेवला. म्हणाला, ‘‘सर आमचा बाप होता. आहे.’’ आणि खाली जाऊन बसला.

बाईंनी माझ्या हातातल्या मानपत्राच्या प्रतीकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.