कर्करोगाची नक्कल करणाऱ्या दाहजन्य गाठी

शरीराच्या एखाद्या भागात दाह होऊन तयार झालेली, पण हाताला, सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखी भासणारी गाठ. डॉक्टर तिला ‘इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर’ म्हणतात, मराठीत छद्म-अर्बुद म्हणता येईल. हा एकच एक आजार नव्हे. क्षय, दुग्धग्रंथींचा दाह, आयजीजी-४ नावाच्या प्रतिपिंडाशी निगडित विकार, खड्यांमुळे मुरलेला जंतुसंसर्ग असे कितीतरी वेगवेगळे आजार हा चेहरा घेऊन येतात. त्यांतला क्षय आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला, तर बाकीचे बरेचसे विरळा. कॅन्सर डॉक्टरांना रोज दिसतो आणि हे आजार क्वचित. त्यामुळे चुकीचे माप बहुधा कॅन्सरच्या बाजूने झुकते, आणि एखाद्या रुग्णाचे स्तन, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंडाचा भाग गरज नसताना काढला जातो.

कुठेही इजा झाली, जंतू शिरले किंवा खडा रुतून बसला की पांढऱ्या पेशी धावून येतात. साधारणपणे काम झाले की त्या निघून जातात. कारण हटले नाही तर त्या मुक्कामच ठोकतात. भक्षकपेशी, लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशींचा थर वाढत जातो, भोवती तंतुमय ऊती विणली जाते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. अशी गाठ दगडासारखी कडक लागते, तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात, ती शेजारच्या अवयवाला चिकटते, वरची त्वचा आत ओढून घेते. जवळच्या लिंफगाठीही सुजतात. ही सगळी लक्षणे पाठ्यपुस्तकात कॅन्सरच्या पानावर छापलेली असतात. पेट स्कॅनमध्येही फसगत होते. या तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे जास्त शोषली जाते ते पाहतात. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशीपणे घेतात, पण दाहातल्या पेशीही घेतात. क्षयाची गाठ तर पेट स्कॅनमध्ये इतकी झळाळून दिसते की अहवाल वाचणाऱ्या घरच्यांचे हातपाय गळतात. ‘चमकते म्हणजे कॅन्सरच’ हा समज चुकीचा आहे. स्कॅन गाठ कुठे आहे आणि किती आहे ते सांगतो. ती कशाची आहे, ते ऊतीचा तुकडाच सांगू शकतो.

स्तनातील गाठ : या विषयात सर्वांत जास्त जीव घाबरा करणारा प्रकार म्हणजे ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. केसलर आणि वोलॉक यांनी 1972 मध्ये त्याचे वर्णन केले तेच मुळी कॅन्सरसारखा भासणारा विकार म्हणून. बहुतेक रुग्ण तरुण असतात, गेल्या काही वर्षांत बाळंतपण झालेल्या, अंगावर पाजून थांबलेल्या. हडपसर किंवा चिंचवडच्या एखाद्या घरात मूल बालवाडीत जायला लागलेले असते आणि आंघोळ करताना आईच्या हाताला कडक, थोडी दुखरी गाठ लागते. सोनोग्राफीत कडा अनियमित, काखेत गाठी, मॅमोग्राफीतही संशय. पुढच्या काही दिवसांत त्या घरात काय चालते ते कुणाला सांगायला नको.

इथे सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, अपुरी पडते. दाहात डिवचल्या गेलेल्या पेशी मोठ्या आणि गडद केंद्रकाच्या दिसतात, आणि सुट्या सुट्या पाहिल्या तर त्या संशयास्पद वाटतात. जाड सुईने घेतलेली कोअर बायोप्सी ऊतीची मूळ रचना शाबूत ठेवते, म्हणून तीच करावी. सूक्ष्मदर्शकाखाली दाह दुग्धग्रंथींच्या खंडकांपुरता, त्यांच्याभोवती घुटमळताना दिसतो. काही जणींत मध्ये रिकामी बुडबुड्यासारखी जागा, तिच्या कडेला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि आत मोजकेच जंतू सापडतात. हे जंतू पुष्कळदा कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी असतात. त्यांना वाढायला चरबी लागते आणि वेळही, त्यामुळे प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, दोन दिवसांत ‘वाढ नाही’ म्हणून बंद होते. निदान झाल्यावर मोठी शस्त्रक्रिया सहसा टाळतात, कारण जखम भरत नाही आणि वाहणारी तोंडे पडतात. प्रतिजैविके, स्टेरॉइड, कधी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट, आणि पुष्कळ धीर असा उपचार असतो. गाठ विरायला महिनेच्या महिने लागू शकतात.

क्षय : भारतात, आणि म्हणून पुण्यातही, दाहाच्या कोणत्याही गाठीत क्षयाचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची क्षयाची गाठ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखी दिसते, मेंदूतला क्षयार्बुद मेंदूच्या ट्यूमरसारखा, मणक्यातला क्षय हाडात पसरलेल्या कॅन्सरसारखा. कापलेल्या गाठीच्या मध्यभागी चक्क्यासारखा पांढरट, भुसभुशीत भाग दिसला की अनुभवी पॅथॉलॉजिस्टचे लक्ष लगेच तिकडे जाते. सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत क्षयजंतूंचा जनुकीय पुरावा आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा प्रकार दाखवते. मात्र फुप्फुसाबाहेरच्या क्षयात जंतू थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे ठरत नाही.

स्वादुपिंड आणि आयजीजी-४ : साठी ओलांडलेले गृहस्थ, डोळे पिवळे, पोटात दुखत नाही, वजन उतरलेले, सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी फुगवटा. असे चित्र पाहून कॅन्सरचा संशय घेणे योग्यच आहे, कारण बहुतेकांत तो कॅन्सरच असतो. पण थोड्यांत हा स्वप्रतिरोधी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ओढवलेला, स्वादुपिंडदाह निघतो. 1995 मध्ये जपानमधल्या योशिदा आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. 2001 मध्ये हामानो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ हे प्रतिपिंड वाढलेले दाखवले, आणि 2003 मध्ये कामिसावा यांनी हा साऱ्या शरीराचा आजार असल्याचे पुढे आणले. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंड, महाधमनीभोवतीची ऊती, कुठेही त्याची गाठ होऊ शकते. जबड्याखालच्या लाळग्रंथीची कडक सूज क्युटनर यांनी 1896 मध्येच वर्णिली होती. त्यांतल्या पुष्कळ रुग्णांना हाच आजार असावा हे कळायला शंभरावर वर्षे लागली.

रक्तातले आयजीजी-४ दर डेसिलिटरला 135 मिलिग्रॅमच्या वर गेले की संशय बळावतो. पण कॅन्सरच्या काही रुग्णांतही ते थोडेसे वाढलेले असते, आणि आजार असूनही काहींत ते सामान्य असते. सीए 19-9 हा स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजला जाणारा घटक तर पित्त अडकले की कोणत्याही कारणाने चढते. म्हणून केवळ रक्ताच्या आकड्यावर कुणालाही कॅन्सर लावू नये आणि कुणाचा काढूही नये. तुकड्यात तीन गोष्टी शोधतात: प्लाझ्मा पेशींची दाटी, चटईच्या विणीसारखी गोल फिरणारी तंतुमय ऊती, आणि दाहाने बुजलेल्या शिरा. जोडीला विशेष रंगक्रिया करून आयजीजी-४ असलेल्या पेशी मोजतात. आयजीजीच्या एकूण पेशींत त्या 40 टक्क्यांहून जास्त भरल्या तर पुरावा भक्कम होतो.

स्टेरॉइड दिल्यावर हा फुगवटा दोन-तीन आठवड्यांत ठळकपणे ओसरतो. याच गुणामुळे ‘देऊन तर पाहू’ हा मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे. स्टेरॉइडने कॅन्सरच्या रुग्णालाही भूक लागते, बरे वाटते. लिंफोमाची, म्हणजे लिंफग्रंथींच्या कॅन्सरची, गाठ तर स्टेरॉइडने तात्पुरती वितळते आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. तुकडा आधी, गोळी नंतर, हा क्रम सोडू नये. आणि गोळी सुरू केल्यावर सुधारणा रुग्णाच्या शब्दांवर न मोजता पुन्हा स्कॅन करूनच मोजावी.

पित्ताशय आणि मूत्रपिंड : खड्यांनी वर्षानुवर्षे छळलेल्या या दोन अवयवांत झँथोग्रॅन्युलोमा नावाचा पिवळसर दाह होतो. भक्षकपेशी चरबी गिळून फेसाळ होतात. मूत्रपिंडातला प्रकार श्लागेनहाउफर यांनी 1916 मध्ये वर्णिला. यात शिंगासारखा फाटे फुटलेला मोठा खडा असतो, मूत्रपिंड काम करत नसते आणि सीटी स्कॅनमध्ये अस्वलाच्या पंजासारखी आकृती उमटते. फेसाळ पेशी आणि मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरच्या पेशी इतक्या सारख्या दिसतात की भक्षकपेशी ओळखणारी सीडी-68, कॅन्सरच्या पेशी ओळखायला मदत करणारी सायटोकेराटिन यांसारख्या रंगक्रियांची मदत घ्यावी लागते. पित्ताशयात कोडे अधिक अवघड, कारण दाह आणि कॅन्सर एकाच पित्ताशयात नांदू शकतात. पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात महाराष्ट्रापेक्षा बराच जास्त आढळतो. पुण्यात कामानिमित्त आलेल्या माणसाला मूळ गाव विचारणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

मॅलाकोप्लाकिया हा आणखी एक विरळा प्रकार. मूत्राशयात किंवा आतड्यात मऊ पिवळे चट्टे उठतात. त्यांतल्या भक्षकपेशींत दिसणारे गोल कण, म्हणजे मिकाएलिस-गुटमन पिंड, 1902 पासून माहीत आहेत.

एक सावधगिरी. पूर्वी स्यूडोट्यूमरच्या टोपलीत टाकलेला एक आजार, इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर, हा खरोखरचा ट्यूमर आहे. लहान मुले आणि तरुणांत तो फुप्फुसात किंवा पोटात होतो. सुमारे निम्म्या रुग्णांत एएलके जनुकाची मोडतोड सापडते. तो क्वचित पसरतो, पण परत उद्भवू शकतो, म्हणून ‘दाहाची गाठ आहे, सोडून द्या’ असे त्याच्याबाबत म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर एएलके रोखणारे क्रिझोटिनिब वापरतात.

तुकड्याचा प्रवास : निदान इथेच घडते किंवा इथेच बिघडते, म्हणून याला जरा जास्त जागा. पुण्यातल्या लहान रुग्णालयात तुकडा घेतला की प्लास्टिकची डबी पुष्कळदा नातेवाइकाच्याच हातात देतात आणि पेठेतल्या नाहीतर कॅम्पातल्या लॅबचा पत्ता सांगतात. डबीत 10 टक्के फॉर्मॅलिन असते. झाकण सैल असले तर रिक्षात डोळे चुरचुरतात. फॉर्मॅलिन ऊती टिकवते, पण त्यातले जंतू मारते. सगळा तुकडा त्यात बुडवला की कल्चरचा दरवाजा कायमचा बंद. म्हणून दोन डब्या लागतात: एक फॉर्मॅलिनची, दुसरी सलाइनची. सलाइनची डबी त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत पोचायला हवी. ही दुसरी डबी विसरणे ही फार साधी चूक आहे, आणि तिची किंमत म्हणून रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

फॉर्मवर काय लिहिले आहे तेही तितकेच महत्त्वाचे. ‘स्तनातील गाठ, बायोप्सी’ एवढेच लिहून आलेला तुकडा आणि ‘वय 31, दोन वर्षांपूर्वी बाळंतपण, मधूनमधून पू’ असे लिहून आलेला तुकडा, यांत पॅथॉलॉजिस्टचे डोळे वेगळ्या गोष्टी शोधतात. आधी घेतलेली औषधे, जुना क्षय, खडे, स्कॅनची फिल्म, हे सगळे तुकड्याबरोबर जायला हवे.

मग अहवाल येतो: ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी, क्रॉनिक इन्फ्लमेशन’, म्हणजे कॅन्सर दिसला नाही, जुनाट दाह आहे. घरी पेढे आणले जातात. या टप्प्यावर डॉक्टरांनी थांबवायला हवे. “काकू, तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, पण गाठ कशाची आहे हेही अजून कळलेले नाही,” असे स्पष्ट सांगणारा डॉक्टर रुग्णाचे भलेच करतो. कॅन्सरच्या भोवती दाहाचे कडे असते आणि सुई त्या कड्यातच शिरलेली असू शकते. तुकड्याने काहीतरी नेमके नाव दिले, आणि ते नाव स्कॅन व रुग्णाच्या कहाणीशी जुळले, तरच निदान पक्के धरावे. जुळले नाही तर दुसऱ्या जागेचा, खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यावा.

दुसरे मत घेणे सोपे आहे, हे अनेकांना माहीत नसते. तुकडा मेणात बसवून केलेले ठोकळे, म्हणजे ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. मागितल्यावर त्या मिळतात. पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय इथे विकृतिशास्त्राचे जुने, अनुभवी विभाग आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दाखवण्यासाठी ब्लॉक पिशवीत घेऊन पहाटेची गाडी पकडणारे पुणेकरही पुष्कळ. प्रवासाला निघताना स्लाइडबरोबर ब्लॉकही मागून घ्यावा. नव्या रंगक्रिया करायच्या तर त्याच ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे नवे काप काढावे लागतात, आणि नुसत्या स्लाइड नेल्या तर त्यासाठी पुण्याला परत हेलपाटा पडतो.

गाठ दाहाची ठरली तरी रुग्णाला दारातून निरोप देत नाहीत. आयजीजी-४ विकार स्टेरॉइड कमी करताना पुष्कळांत उलटतो, कधी दुसऱ्याच अवयवात. स्तनाचा दाह दुसऱ्या बाजूला उमटू शकतो. उपचार सुरू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत गाठ लहान होत नसेल तर पहिले निदान बाजूला ठेवून तुकड्यापासून पुन्हा सुरुवात करतात.