मध्य रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज बाद होण्याची कारणे

परळ, माटुंगा, मनमाड, कुर्डुवाडीचे रेल्वे कारखाने आणि अजनी, कल्याण, भुसावळचे लोको शेड दरवर्षी आयटीआय झालेल्या मुलामुलींना एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीवर घेतात. ही भरती 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. जाहिरात मध्य रेल्वेचा भरती कक्ष, म्हणजे आरआरसी, काढतो. लेखी परीक्षा नसते, मुलाखतही नसते. निवड पूर्णपणे गुणांवर आणि कागदांवर होते, म्हणून कागद आधीच नीट करून ठेवणाऱ्याचे काम सोपे होते.

पात्रतेला तीन गोष्टी लागतात. दहावीला किमान 50 टक्के, जाहिरातीत दिलेल्या ट्रेडचा आयटीआय (एनसीव्हीटी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, किंवा एनसीव्हीटीचे अथवा एससीव्हीटी या राज्य परिषदेचे तात्पुरते प्रमाणपत्र) आणि वय 15 ते 24. वयात अनुसूचित जाती-जमातींना 5, ओबीसींना 3 आणि दिव्यांगांना 10 वर्षांची सवलत आहे. वय कोणत्या तारखेला मोजायचे ते जाहिरातीत दिलेले असते. दहावी आणि आयटीआय दोन्ही जाहिरातीच्या तारखेआधी उत्तीर्ण असावे लागते. निकालाची वाट पाहणाऱ्यांनी अर्ज पुढच्या वर्षी भरावा. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी वेगळी योजना असल्याने त्यांना इथे अर्ज करता येत नाही. ज्यांनी एकदा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली आहे, त्यांनाही नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ टक्केवारीत होतो. गुणवत्ता यादी दहावी आणि आयटीआय यांच्या टक्क्यांची सरासरी काढून लागते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांची टक्केवारी छापलेली असते आणि मुले तीच उचलून अर्जात टाकतात. रेल्वे मात्र सगळ्या विषयांचे गुण धरते. समजा सहा विषयांत 600 पैकी 402 गुण आहेत आणि सर्वांत कमी गुणांच्या विषयात 50. गुणपत्रिकेवर 500 पैकी 352, म्हणजे 70.40 टक्के दिसतील. अर्जात भरायचे ते 67.00. आयटीआयला 82 टक्के असतील तर सरासरी 74.50 येते. चुकीचा आकडा भरला तर ती 76.20 होते, यादीत नावही लागू शकते, आणि पडताळणीच्या टेबलावर निवड रद्द होते. आयटीआयचे टक्केही सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रिकेवरूनच काढा.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. शाळा-कॉलेजसाठी काढलेला राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही. जाहिरातीसोबत जोडलेल्या केंद्रीय नमुन्यातला लागतो, ओबीसींना नॉन-क्रिमीलेअरच्या उल्लेखासह. केंद्रात विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असा वेगळा प्रवर्ग नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी पाहा. धनगर, वंजारी तिथे आहेत. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला इथे उपयोगी पडत नाही. केंद्रीय नमुन्याचा दाखला हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता तहसीलला अर्ज करून ठेवावा.

अर्ज आरआरसीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क 100 रुपये. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे पाच क्लस्टर, म्हणजे कारखाने आणि शेड या युनिटांचे गट आहेत. कोणत्या युनिटमध्ये कोणत्या ट्रेडच्या किती जागा आहेत, हा तक्ता पाहूनच पसंती द्या. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन बऱ्याच ठिकाणी असतात. पेंटर, सुतार, टर्नर मोजक्याच ठिकाणी. एकापेक्षा जास्त अर्ज भरले तर ते बाद होतात. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच हवी. आधारवर वडिलांचे नाव गाळलेले असेल किंवा स्पेलिंग वेगळे असेल, तर आधार दुरुस्त करून घ्या, कारण पुढची पायरी त्यावरच अडते.

ती पायरी म्हणजे करार. निवडीनंतर मूळ कागदपत्रे आणि ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरने दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवावे लागते. मग अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर कराराची नोंद होते. तिथे आधारची ई-केवायसी लागते, तेव्हा मोबाइल आधारशी आणि आधार बँक खात्याशी जोडलेले असू द्या. करार वाचूनच सही करा. योग्य कारणाशिवाय मध्येच सोडला तर भरपाई द्यावी लागू शकते.

2019 च्या नियमांनी आयटीआयवाल्यांसाठी महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवले. वसतिगृह मिळत नाही. साताऱ्याहून किंवा लातूरहून मुंबईत येणाऱ्याने खोली-खानावळीचा हिशेब आधी घालावा. तो जमत नसेल तर जवळचा क्लस्टर निवडण्यात काहीच कमीपणा नाही.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. कायद्याने रेल्वेवर नोकरी देण्याचे बंधन नाही. मात्र लेव्हल-1 च्या (पूर्वीच्या ग्रुप-डी) भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. संगणकीय परीक्षा त्यांनाही द्यावीच लागते.

रेल्वेत जमले नाही तर एसटीकडे पाहा. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बसची बांधणी होते आणि एसटीही शिकाऊ उमेदवार घेते. पोर्टलवरची नोंदणी तीच चालते.