वजनकाट्यावर जिंकलेल्या शर्यती: ‘ग्रम्पी’ जेन्किन्स आणि स्टॉक ड्रॅग रेसिंगचा काळ

लॉस एंजेलिसजवळच्या पोमोना इथे १९७० सालच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत ‘प्रो स्टॉक’ हा नवा गट पहिल्यांदा धावला. अंतिम फेरीत एका बाजूला रॉनी सॉक्सची प्लिमथ होती, क्रायस्लर कंपनीच्या ‘हेमी’ या ताकदवान इंजिनाची. दुसऱ्या बाजूला १९६८ सालची, म्हणजे दोन वर्षं जुनी, पांढरी शेव्हरोले कमॅरो. कमॅरोने पाव मैल ९.९९ सेकंदांत कापला आणि सॉक्स मागे राहिला. गाडीचं नाव ‘ग्रम्पीज टॉय’, म्हणजे चिडक्याचं खेळणं. हा चिडका होता बिल जेन्किन्स: वय ३९, बहुतेक फोटोंत तोंडात सिगार आणि कपाळाला आठ्या.

या खेळाच्या आठवणी निघाल्या की धूर, आवाज आणि गिअर मारणारा हात यांच्याच गोष्टी जास्त होतात. गिअर मारण्यात सॉक्सचा हात धरणारा कोणी नव्हता, जेन्किन्सही नाही. जेन्किन्सची ताकद आकडेमोडीत होती. नियमावलीत वजन, घनइंच (म्हणजे इंजिनाचं आकारमान) आणि हॉर्सपॉवर यांचे जे हिशेब असत, त्यांतली फट त्याला इतरांच्या आधी दिसायची. तसा स्टॉक ड्रॅग रेसिंगचा सगळा इतिहासच नियम आणि फटी यांच्या पाठशिवणीचा आहे. म्हणून त्याची गोष्ट सांगायची तर आधी नियमांची सांगावी लागते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या मोकळ्या करून, इंजिनं फुगवून पळवण्याचं वेड पसरलं. कोरड्या तळ्यांवर आणि रात्री गावाबाहेरच्या रस्त्यांवर हे चाले, अपघातही होत. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट याने तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. पुढच्या वर्षी वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली, आणि काही वर्षं गावोगाव फिरून १९६१पासून इंडियानापोलिसला स्थिरावली. खेळ मुळात साधा. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या, सरळ रस्ता, अंतर पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. विदर्भातल्या शंकरपटाची दाण ज्याने पाहिली आहे त्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर आपल्याकडची पोरं ज्या पाव मैलाच्या शर्यती लावतात, त्याही याच घराण्यातल्या.

खास बनवलेली वाहनं एका बाजूला आणि ‘स्टॉक’ गट दुसऱ्या. स्टॉक म्हणजे शोरूममधून जशी बाहेर पडली तशी गाडी. पण सगळ्या गाड्या सारख्या नसतात, म्हणून एनएचआरएने एक भागाकार ठरवला: कारखान्याने जाहीर केलेलं वजन भागिले कारखान्याने जाहीर केलेली हॉर्सपॉवर. उत्तर येईल त्याप्रमाणे ए, बी, सी असे वर्ग. इथेच पहिली फट पडली. हॉर्सपॉवर कारखान्यानेच जाहीर करायची असेल तर तो आकडा कमी का सांगू नये? १९६८ साली फोर्डने ४२८ घनइंची कोब्रा जेट इंजिन ३३५ हॉर्सपॉवरचं म्हणून नोंदवलं, आणि त्याच वर्षीच्या विंटरनॅशनल्समध्ये अ‍ॅल जोनिएकने त्या इंजिनाच्या मस्टँगवर सुपर स्टॉक गट मारला. ३३५वर कोणाचाच विश्वास नव्हता. शेवटी एनएचआरए स्वतःच असे आकडे वाढवून लावू लागली.

दुसरी फट मेकॅनिकच्या हातात होती. जिंकलेली गाडी थेट घरी जात नसे. तिला तपासणीच्या शेडमध्ये नेत आणि इंजिनाची हेडं उतरवत. मापाच्या नळीने थेंब थेंब द्रव सोडून ज्वलनकक्षात किती मावतं ते पाहत, बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) मोजत, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह किती उचलतो ते डायल गेज लावून तपासत. कारखान्याने नोंदवलेल्या आकड्याबाहेर काही निघालं की मिळालेली जीत गेली. म्हणून मुरलेला मेकॅनिक बेकायदा काही बसवतच नसे. कारखान्याच्या प्रत्येक मापाला कमीजास्त सूट असते, त्या सुटीच्या अगदी टोकाला तो एकेक भाग आणून ठेवायचा. कक्ष जितका लहान चालतो तितका लहान, पिस्टन जितका वर चालतो तितका वर, आठही सिलिंडर एका मापाचे. याला त्यांच्यात ब्लूप्रिंटिंग म्हणत. इंजिन कागदोपत्री मूळचंच, पण कुठल्याही कारखान्यातून कधी बाहेर पडलं नसतं इतकं काटेकोर. अशा कामाला चिकाटी लागते आणि थोडा तिरसटपणाही. जेन्किन्सकडे दोन्ही होतं.

त्याचा जन्म १९३०चा, फिलाडेल्फियातला. कॉर्नेल विद्यापीठात तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता, पण वडील गेल्यावर पदवी न घेताच बाहेर पडला. पेन्सिल्व्हेनियातल्या माल्व्हर्न गावी त्याचं वर्कशॉप होतं. सुरुवातीला तो इंजिनं बांधायचा आणि गाडी डेव्ह स्ट्रिकलर चालवायचा. त्यांच्या ‘ओल्ड रिलायबल’ नावाच्या शेव्हरोले गाड्या पूर्व किनाऱ्यावर गाजल्या. तो काळ कारखान्यांच्या उघड चढाओढीचा होता. शेव्हरोलेने १९६३साठी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची झेड-११ काढली, पाँटियाकने चासीला भोकं पाडून वजन घटवलं. आणि त्याच जानेवारीत या दोघांची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी फर्मान काढलं: शर्यती बंद. शेव्हरोलेवाले एका रात्रीत पोरके झाले. जेन्किन्स आणि स्ट्रिकलर डॉजकडे गेले. १९६५मध्ये जेन्किन्सने स्वतः स्टिअरिंग धरलं, तेही ‘ब्लॅक अ‍ॅरो’ या प्लिमथचं.

१९६६ साली तो शेव्हरोलेकडे परतला. तेव्हा डॉज आणि प्लिमथची मालक असलेल्या क्रायस्लरचं ४२६ घनइंची हेमी सगळ्यांना चिरडत होतं. शर्ली शाहानने त्याच वर्षी विंटरनॅशनल्समध्ये टॉप स्टॉक गट जिंकला तेही प्लिमथवरच. एनएचआरएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री. या हेमींसमोर जेन्किन्सने आणली छोटीशी शेव्ही टू, इंजिन अवघं ३२७ घनइंच. पण भागाकार केला की ती हेमीच्याच वर्गात बसत होती, आणि हेच त्याने हेरलं होतं. हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्या, बनवणारा जेरे स्टाल आपल्या हेमी इंजिनाच्या प्लिमथ बेल्व्हेडिअरवर वर्षभर त्याच्याशी भिडला. त्या वर्षीचं जागतिक विजेतेपद स्टालने नेलं, तरी पुढच्या सगळ्या ‘ग्रम्पीज टॉय’चा पाया त्या शेव्ही टूने घातला. लहान इंजिन, हलकी गाडी. पुढच्याच वर्षी त्याने कमॅरोवर इंडियानापोलिसला सुपर स्टॉक जिंकलं.

१९६८मध्ये क्रायस्लरने उत्तर दिलं ते हेमी डार्ट आणि हेमी बॅराकुडा या गाड्यांनी. फायबरग्लासचं बॉनेट आणि पुढचे मडगार्ड, अ‍ॅसिडने पातळ केलेले दरवाजे, काच वर घ्यायला हँडलऐवजी पट्टा. हीटर नाही, रेडिओ नाही. रस्त्यावर वापरण्यासाठी ही गाडी नाही, असं कंपनीच लिहून देत होती. याला स्टॉक म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

तोवर सुपर स्टॉकमध्ये वेगळंच दुखणं सुरू झालं होतं. वेगवेगळ्या वर्गांतल्या गाड्या एकत्र धावायच्या म्हणून हळू गाडीला आधी सोडत. ठरवलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचणाराच बाद होऊ लागला, तेव्हा जिंकत आलेला ड्रायव्हर शेवटच्या काही मीटरवर ब्रेक दाबू लागला. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाने ब्रेकचे लाल दिवे का पाहायचे? राष्ट्रीय स्पर्धांबाहेर, ट्रॅकमालकांनी ठरवलेल्या लढतींत मात्र सॉक्स, जेन्किन्स, डिक लँडी, डॉन निकल्सन ही मंडळी कुठलीही सवलत न घेता एकाच वेळी सुटत, आणि तिथे गर्दी मावत नसे. हेच सूत्र एनएचआरएने उचललं आणि १९७०चा प्रो स्टॉक जन्माला आला. नियम सुटसुटीत: दर घनइंचाला ७ पौंड वजन. जेन्किन्सच्या ४२७ घनइंची कमॅरोला म्हणजे साधारण १,३५५ किलो. पोमोनानंतर फ्लोरिडातली गेटरनॅशनल्सही त्याने जिंकली. मग मात्र सॉक्स आणि त्याचा भागीदार बडी मार्टिन यांच्या हेमीने डोकं वर काढलं आणि १९७१ साल जवळजवळ एकतर्फी करून टाकलं.

१९७२साठी एनएचआरएने नियम बदलले. आखूड गाड्यांना परवानगी मिळाली आणि लहान इंजिनांना दर घनइंचाला ६.७५ पौंडांची सवलत. अनेकांनी ती वाचून सोडून दिली असणार, कारण मोठ्या इंजिनाला पर्याय नाही ही तेव्हा जवळपास श्रद्धाच होती. जेन्किन्सने शेव्हरोलेची व्हेगा घेतली, जी बाजारात काटकसरी छोटी गाडी म्हणून विकली जायची. तिच्यात सिलिंडर किंचित बोअर केलेलं ३३१ घनइंची इंजिन बसवलं. गुणाकार केला की वजन येतं १,०१५ किलोच्या आसपास. इंजिन हेमीपेक्षा सुमारे ९५ घनइंचांनी लहान, पण ओढायला जवळजवळ साडेतीनशे किलो कमी. पहिल्याच स्पर्धेत, पोमोनाला, व्हेगा जिंकली. त्या वर्षीच्या ८ राष्ट्रीय स्पर्धांपैकी ६ जेन्किन्सने मारल्या. त्याची वर्षाची कमाई अडीच लाख डॉलरच्या घरात सांगितली जाते आणि ‘टाइम’सारख्या साप्ताहिकालाही त्याची दखल घ्यावी लागली. मग हेमीवर वजनाचा बोजा वाढत गेला, क्रायस्लरच्या मंडळींनी रागावून काढता पाय घेतला, आणि १९७४चं विजेतेपद बॉब ग्लिडनने नेलं ते लहान इंजिनाच्या फोर्ड पिंटोवर. जेन्किन्सने उघडलेल्या दारातूनच तोही आत आला होता.

१९७४ची व्हेगा, ‘ग्रम्पीज टॉय ११’, माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम, जरी तिने १९७२इतक्या ट्रॉफ्या आणल्या नाहीत. वरून व्हेगाचा आकार, आत मात्र कारखान्याची चासीच नाही. सबंध सांगाडा नळ्यांचा, पुढे स्ट्रट सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारं ड्राय संपचं ऑइलिंग. त्यानंतरची प्रत्येक प्रो स्टॉक गाडी याच मांडणीची वंशज. इंधन थंड ठेवणारा बर्फाचा डबा, इंजिनाची ताकद न खाणारा विजेवरचा वॉटर पंप, रिंगमागे दाब पोचवणारी बारीक भोकं पाडलेले पिस्टन, झटका बसल्यावर ऑइल क्रँकपासून दूर राहावं म्हणून बाजूला फुगवलेला ऑइल पॅन, अशा कित्येक गोष्टी रुळल्या त्याच्यामुळे. आणि या सगळ्यातून स्टॉकमधला स्टॉकपणा संपवण्यात त्याचाच वाटा मोठा ठरला. त्याबद्दल त्याला दोष द्यावा असं वाटत नाही. नियमात जे बसत होतं तेच त्याने केलं.

पुढे त्याने गाडी इतरांच्या हाती दिली. १९७६ साली लॅरी लोम्बार्डो जेन्किन्सच्या गाडीवर विजेता झाला. १९८२मध्ये एनएचआरएने पौंड आणि घनइंचांचा तो जुना हिशेबच काढून टाकला: सगळ्यांना कमाल ५०० घनइंच आणि किमान २,३५० पौंड. त्यानंतर थोड्याच काळात जेन्किन्सने आपला संघ आवरला, इंजिनांचं काम मात्र सोडलं नाही. २००१ साली एनएचआरएने आपल्या पहिल्या ५० वर्षांतल्या ५० सर्वोत्तम ड्रायव्हरांची यादी काढली, तीत तो आठवा होता. २०१२च्या मार्चमध्ये, ८१व्या वर्षी, तो गेला.